पोह्यांवरचं लिंबू, नव्वदीतली ताकद

१९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्लिश डॉक्टर मुंबईत आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायांना तेव्हा एक हट्टी रक्तक्षय गाठत असे. लाल पेशी आकारानं फुगायच्या, संख्येनं घटायच्या आणि बाळंतपणात जीवावर बेतायचं. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम सुरू केलं. आधी जंतूंचा संशय घेतला, तो खोटा ठरला. मग त्या बायांच्या ताटाकडे पाहू लागल्या. ज्यांच्या ताटात भाजी आणि फळं नावालाच होती, त्यांनाच हा आजार जास्त होत होता. उंदीर आणि माकडांवर प्रयोग करत करत त्या शेवटी मार्माइट नावाच्या स्वस्तातल्या काळपट चाटणापर्यंत पोचल्या. यीस्टचा अर्क तो. त्यावर या बाया बऱ्या होऊ लागल्या. १९३१ मध्ये हे संशोधन छापून आलं आणि त्यातला गुणकारी घटक १९४०च्या दशकात वेगळा काढला गेला. तेच आजचं फोलिक ॲसिड. न्यूयॉर्कपासून नंदुरबारपर्यंत गरोदर बाईला जी गोळी देतात, तिचा उगम परळचा.

बायकांच्या तब्येतीविषयी जगाला ठाऊक असलेल्या अशा कितीतरी गोष्टी मुंबई, पुणे, बार्शी इथल्या बायकांमुळे कळल्या. परदेशातल्या पाठ्यपुस्तकांत त्या केव्हाच गेल्या. आपल्या ओट्यापर्यंत त्यातल्या किती पोचल्या, हा प्रश्न मला सतावतो. म्हणून त्यातल्या काही आणि त्यांच्या जोडीला बाहेरच्याही काही, आज इथे.

गुळाचा खडा किती कामाचा?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी भरलं. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. महाराष्ट्रात आधीच्या फेरीत ४८ टक्के बायका रक्तक्षयी होत्या, त्या आता ५४ टक्के झाल्या. आकडा खाली यायचा तो वर गेला.

रक्त वाढवायचं म्हटलं की घरात पहिला हात गुळाच्या डब्याकडे जातो. दहा ग्रॅमच्या खड्यात लोह असतं अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास. बाईची दिवसाची गरज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशेबानं २९ मिलिग्रॅम. नुसत्या गुळानं ती भागवायची तर रक्तापेक्षा शुगरच आधी वाढेल! त्यापेक्षा अळीव खूप पुढे आहेत. बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या आज्यांचं चुकत नव्हतं. चुकतं ते लाडू बाळंतपणापुरते ठेवण्यात.

खरी गंमत लिंबात आहे. भाज्या, धान्यं, कडधान्यं यांतलं लोह शरीर मोठ्या नाखुशीनं शोषून घेतं. सोबत क जीवनसत्त्व असलं की तेच लोह जास्त प्रमाणात आत जातं. तांदळापेक्षा पोह्यांत लोह जास्त असतं. त्या पोह्यांवर लिंबू पिळायचं, वर कोथिंबीर भुरभुरायची, ही साधी सवय म्हणजे पक्कं पोषणशास्त्र आहे. मोड आलेल्या मटकीच्या उसळीवरही पिळा. शेपू, माठ, चवळई खाल्ल्यावर पेरूची फोड खा, आवळा खा.

आणि मग पोह्यांच्या बशीशेजारी वाफाळता चहा येतो आणि लिंबानं कमावलेलं बरंचसं घालवतो. चहातली टॅनिन आणि त्यांच्या जातीची द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. जेवताना घेतलेला चहा त्या जेवणातल्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतो. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, महाराष्ट्रात ते कुणी ऐकणारही नाही. खाणं आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवा, एवढं पुरतं. चहा-चपाती हाच ज्यांचा नाश्ता आहे, त्यांनी तर नक्कीच.

लोखंडी कढई माळ्यावरून खाली काढा. तिच्यात आमसूल, चिंच किंवा टोमॅटो घातलेली आमटी शिजली की लोह अन्नात उतरतं. आंबटपणा जास्त तितकं उतरणं जास्त.

एक गोष्ट मात्र कोणताही पदार्थ भरून काढणार नाही. पाळीत तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तर ते अंगावर काढू नका. जितकं रक्त जातं तितकं अळीव भरून देत नाहीत. तिथे डॉक्टरच हवेत.

समोशासारखं दिसणारं औषध

मुंबईच्या वस्त्यांत एक विलक्षण प्रयोग झाला. नाव ‘प्रोजेक्ट सरस’. साडेसहा हजार बायका त्यात सामील झाल्या. त्यांना दिवस जाण्याच्या आधीपासून रोज एक खाऊ मिळायचा, दिसायला समोसा-पॅटिससारखा. एका गटाच्या खाऊत पालेभाजी, फळं आणि दूध होतं. दुसऱ्या गटाच्या खाऊत बटाटा-कांद्यासारख्या भाज्या होत्या, ज्यांत सूक्ष्म पोषकद्रव्यं कमी असतात. बाळांची वजनं वाढतात का, हे पाहायचं होतं. सरासरीत मोठा फरक पडला नाही. पण दुसरंच घबाड हाती लागलं. साध्या खाऊच्या गटात गरोदरपणीचा मधुमेह १२.४ टक्के बायकांना झाला, पालेभाजीवाल्या गटात ७.३ टक्के! गोळी नाही, इंजेक्शन नाही. भाजी, फळं, दूध आणि तेही तळलेल्या खाऊत भरलेलं.

पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आया-मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथेही पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खाणाऱ्या आयांची बाळं अंगानं बरी निघाली. आपली बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी राखून जन्मतात, हेही याच अभ्यासातून जगापुढे आलं. मोठेपणी बारीक दिसणाऱ्या मराठी बाईला मधुमेह कसा गाठतो, याचं एक कारण त्यात आहे. म्हणून वजनकाट्याइतकंच लक्ष शिंप्याच्या टेपवर ठेवा. भारतीय बाईच्या कमरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.

गरोदरपणी शुगर वाढली होती आणि बाळंत झाल्यावर उतरली, की बहुतेक घरं ती गोष्ट विसरून जातात. विसरू नये. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांनी शुगर तपासायची आणि पुढेही तपासत राहायची. बारशाच्या धांदलीत ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवण्याचं काम बाळाच्या बाबाचं.

अमेरिकेत २००२ साली छापलेल्या एका मोठ्या चाचणीत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना आहार-व्यायाम विरुद्ध मेटफॉर्मिनची गोळी असं तोलून पाहिलं. गोळीनं मधुमेह ३१ टक्क्यांनी कमी झाला, आहार-व्यायामानं ५८ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतीयांवर असाच प्रयोग केला, तिथे जीवनशैलीतल्या बदलानं घट झाली २८.५ टक्के. आकडा लहान दिसतो, कारण आपली जनुकं आणि आपला भात-पोळीचा डोंगर दोन्ही चिवट आहेत. तरी ज्यांना मधुमेह झाला असता, अशा शंभरातल्या अठ्ठावीस जणी वाचणं ही मोठीच गोष्ट.

१२,८६६ पुरुष आणि एकही बाई नाही

हृदयविकार कसा टाळावा हे शोधायला अमेरिकेत ‘मिस्टर फिट’ या टोपणनावाची एक भलीमोठी चाचणी झाली. तिचा निकाल १९८२ मध्ये आला. तिच्यात १२,८६६ जण होते, सगळे पुरुष. जगात बायकांचे सर्वाधिक मृत्यू हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांनीच होतात, तरी कितीतरी वर्षं हा बाप्यांचा आजार मानला गेला. त्याची किंमत अजून मोजावी लागते. छातीत कळ बाईलाही येते, पण तिच्या जोडीला किंवा तिच्याऐवजी धाप, जबडा-मान-पाठीत दुखणं, मळमळ, घाम, कारण नसताना गळून जाणं, हेही बायकांत जास्त दिसतं. घरात त्याला ॲसिडिटी म्हणतात आणि सोडा पाजतात. चाळिशी-पन्नाशीच्या बाईला असं अचानक झालं तर सोडा ठेवून ईसीजी काढायला न्या.

बायकांचा मोठा अभ्यासही अमेरिकेतलाच. १९७६ मध्ये १,२१,७०० नर्सेसना घेऊन तो सुरू झाला. २००० साली त्यातून कळलं की सिगारेट न ओढणं, वजन आटोक्यात ठेवणं, रोज अर्धा तास बऱ्यापैकी हालचाल आणि नीट आहार अशा मोजक्या गोष्टी सगळ्याजणींनी पाळल्या असत्या, तर त्या गटातले ८२ टक्के हृदयविकाराचे प्रसंग टळू शकले असते. त्या सगळ्या पाळणाऱ्या होत्या फक्त ३ टक्के. त्याही नर्सेस, ज्यांना हे सगळं तोंडपाठ! माहिती असणं आणि वेळ मिळणं यांत केवढं अंतर असतं, ते या आकड्यात दिसतं.

गरोदरपणी बीपी फार वाढलं होतं का, हा प्रश्न पन्नाशीच्या बाईला सहसा कुणी विचारत नाही. त्या वेळच्या गंभीर बीपीमुळे पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तर आपण सांगायचं.

दहा हजार पावलं कुणी ठरवली?

डॉक्टरांनी नव्हे. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. आकडा कानाला गोड, तो जगभर गेला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली यांनी सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ बायकांची पावलं मोजली. दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं. ७,५०० पावलांपर्यंत फायदा वाढत गेला, त्यापुढे रेषा सपाट झाली. भाजी आणायला चालत जा, एक स्टॉप आधी उतरा, पाव भाग तर तिथेच झाला. घड्याळात दहा हजार भरले नाहीत म्हणून रात्री हिरमुसून बसण्याचं कारण उरत नाही.

मिश्री

दात घासायला म्हणून ती भाजून कुटून डबीत ठेवतात. ती तंबाखूच असते. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला, तंबाखू खाणाऱ्या-लावणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी निघाली. त्यातल्या बहुतेकजणी मिश्रीवाल्याच होत्या. तोंडाचा कर्करोग वेगळाच. कित्येकजणींना पहिली डबी सासूनं किंवा आईनं दिलेली असते. ती सोडवतानाही तिनंच साथ दिली, तर सुटणं सोपं जातं.

डास आणि धूर

एक कॉइल जळून जितके सूक्ष्म कण हवेत सोडते, तितके सोडायला ७५ ते १३७ सिगारेटी लागतात, असं २००३ च्या एका अभ्यासात मोजलं गेलं. बंद खोलीत पाळण्याशेजारी कॉइल लावण्याआधी हे आठवा. मच्छरदाणी लावा. चुलीच्या धुरानं तर कधी विडीला हात न लावलेल्या बायकांची फुप्फुसं निकामी केली आहेत. गॅस आला तरी पाणी तापवायला मागच्या अंगणात चूल पेटतेच, आणि तिच्यासमोर बसते तीही बाईच.

हाडांची बँक तिशीत भरते

तिशीपर्यंत हाडं कमाई करतात, पुढे खर्च सुरू होतो. पाळी गेल्यावरच्या पाच-सात वर्षांत हाडांचा वीस टक्क्यांपर्यंत ऐवज जाऊ शकतो. म्हणून कॅल्शियमची खरी गरज घरातल्या चौदा वर्षांच्या मुलीला असते. तिच्या दुधाचा पेला भावाला जात असेल, तर ते साठाव्या वर्षी मोडणाऱ्या खुब्याचं बीज आहे.

नाचणीत गव्हाच्या कणकेच्या दहापट कॅल्शियम असतं. तिळात तर १०० ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या वर, म्हणजे दिवसभराची गरज. संक्रांत एकच दिवस येते, पण तिळाची चटणी बारा महिने करता येते.

हाडांना हादरे आवडतात. टेनिसपटूंच्या रॅकेट धरणाऱ्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. उलट अंतराळात, जिथे वजनच पडत नाही, तिथे अंतराळवीरांच्या हाडांची घनता महिन्याला एक-दीड टक्क्यानं घटते. मंगळागौरीच्या झिम्मा-फुगडीत, पिंग्यात जे उड्या मारणं आणि पाय आपटणं आहे, ते हाडांना हवं तेच. रात्र जागवायचं वय आहे तोवर जागवा, आणि श्रावण संपल्यावरही आठवड्यातून दोनदा चार घटका खेळा.

ऊन हवं ते काचेपलीकडचं. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन अंग तापवतं, पण ड जीवनसत्त्व बनवणारे किरण काच अडवते. ऊन खायचं तर गच्चीवर किंवा अंगणात जाऊन.

इथे बीडचं नाव घ्यायलाच हवं. २०१९ मध्ये राज्य सरकारच्या समितीनं तिथल्या ८० हजारांहून जास्त ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यांत १३ हजारांहून जास्त जणींच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. कित्येकजणी ऐन तिशीतल्या. पाळीत खाडा झाला की मजुरी बुडते, वर दंड बसतो, फडात ना पाणी ना आडोसा. पिशवीबरोबर बीजकोश काढले तर पाळी जाण्याचे सगळे परिणाम एका दिवसात अंगावर येतात आणि हाडं, हृदय दोन्ही वेळेआधी म्हातारी होतात. या बायांना नाचणी खा म्हणून सांगणं हा त्यांचा अपमान आहे. त्यांना फडावर पाणी, संडास आणि पाळीच्या दिवसांची मजुरी हवी.

दीड लिटर

२०१८ च्या एका चाचणीत वारंवार लघवीला जळजळ होणाऱ्या १४० बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. इतका सोपा उपाय, तरी बाजारात, बसमध्ये, शेतात बाई पाणी पीत नाही, कारण जायचं कुठे? मुंबईत २०११ मध्ये ‘राइट टू पी’ मोहीम उभी राहिली ती याच प्रश्नावर. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हा हिशेब तिनं चव्हाट्यावर आणला.

जोगिणी आणि दूध

इटलीच्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्यानं १७१३ मध्ये नोंदवलं की मठातल्या जोगिणींना स्तनांचा कर्करोग इतर बायकांपेक्षा जास्त होतो. बाळंतपण आणि अंगावर पाजणं यांचा संबंध तेव्हापासून चर्चेत आहे. २००२ मध्ये ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दिसलं की अंगावर पाजलेल्या दर एका वर्षामागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो. ज्यांना पाजता आलं नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, इतर गोष्टी हातात आहेतच. पाळी गेल्यावर वजन वाढू न देणं, चालणं, आणि दारूपासून दूर राहणं. रोजच्या एका पेल्यानंही धोका साधारण ७ टक्क्यांनी वाढतो.

व्हिनेगरचा बोळा, बार्शीची तपासणी

टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकानं १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतल्या दीड लाख बायकांवर एक चाचणी केली. दहावी झालेल्या मुलींना चार आठवडे शिकवलं. गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवायचं. एवढ्यानं या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. २०१३ मध्ये शिकागोच्या कर्करोग परिषदेत जगभरचे तज्ज्ञ हे ऐकत होते.

त्याआधीच, २००९ मध्ये, उस्मानाबाद जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, ४९७ गावांमधल्या १,३१,७४६ बायकांच्या अभ्यासानं दाखवलं होतं की आयुष्यात एकदाच केलेली एचपीव्ही विषाणूची तपासणी या रोगाचे मृत्यू निम्म्यावर आणते. त्यामागे बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाचे कष्ट होते. आज जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना हीच तपासणी सुचवते. आणि राष्ट्रीय पाहणी सांगते की ३० ते ४९ वयाच्या भारतीय बायकांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणींनी अशी काही तपासणी कधी करून घेतली आहे. ज्या मातीत पुरावा उगवला, तिथेच ही गत! तिशी ओलांडली असेल तर विचारून घ्या. घरात नऊ ते चौदा वयाची मुलगी असेल तर लशीचंही विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ पासून मिळते.

८६ ते ९६

१९९० मध्ये बोस्टनच्या वृद्धाश्रमातल्या दहा जणांना डॉ. मारिया फियाटारोन यांनी वजनं उचलायला लावली. वयं ८६ ते ९६. आठ आठवड्यांत मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी हातातली काठी सोडली. व्यायाम थांबवला, तशी चार आठवड्यांत ३२ टक्के ताकद परत गेली, म्हणजे चालू ठेवणं भागच. घरच्या आजीसाठी जिम लागत नाही. भिंतीला टेकलेली भक्कम खुर्ची घ्या. हात छातीशी धरून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. सुरुवातीला पाच वेळा, शेजारी कुणीतरी उभं राहून, बीपी-शुगर डॉक्टरांना दाखवून. पाच सहज जमले की सहा.